गळ्यापर्यंत भरलेली कॅन

नेमणुकीच्या कागदावर माझं पद ‘क्षेत्र संशोधन सहायक’ असं होतं. मूर्तिजापूरला माझी आई नातेवाइकांना ‘पोरगी दवाखान्याच्या लाइनीत आहे’ असं सांगायची, कारण संशोधन म्हणजे काय हे मला तिला कधी समजावता आलं नाही. वडील शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीच्या रुळांवर गँगमन होते, त्यांना रुळाबाहेरची कोणतीच नोकरी पक्की वाटत नसे. भातकुलीकडच्या गावांत मात्र माझं पद कुणाला विचारावं लागलं नाही. आमची जीप गावात शिरली की पारावरून कुणीतरी आत आवाज द्यायचा, “मुतवाली बाई आली वं.” पुण्याकडच्या वाचकांना हे वाचून कसंसंच होईल. मलाही सुरुवातीला झालं, मग सवय झाली. आता निवृत्तीनंतर अमरावतीच्या आमच्या कॉलनीत बायका ‘तायडे मॅडम’ म्हणून हाक मारतात, तेव्हा मी मागे वळून पाहते की कोण आलं.

हे काम काय असतं ते आधी सांगते. मोठ्या शहरातल्या एखाद्या डॉक्टरला किंवा प्राध्यापकाला एक प्रश्न पडतो. त्याचं उत्तर त्याच्या खोलीत नसतं. ते आमच्या वऱ्हाडातल्या कुणाच्या तरी रक्तात, पोटात, गोठ्यात नाहीतर मनात असतं. ते तिथून नीट काढायचं, चिठ्ठी चिकटवायची, बर्फाच्या पेटीत घालायचं आणि न सांडता आणून द्यायचं, यासाठी मला पगार मिळायचा. मी लोकांचं रक्त आणलं, थुंकी आणली, डोक्याचे केस आणले. म्हशींच्या मागे उकिडवं बसून काचेच्या नळीने डास ओढून आणले. घरमालक चहा देऊन काळजीने विचारायचा, बाई, तुमच्याकडे अमरावतीला डास नाहीत का. मनाच्या आजारांचं सर्वेक्षण होतं तेव्हा छापील प्रश्न होता, ‘गेल्या पंधरवड्यात तुम्हाला विनाकारण रडू आलं का?’ एका बाईने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “विनाकारन कोन रडते बाई? इतकी सवड कोनाले हाये?” या उत्तरासाठी कागदावर चौकोनच नव्हता.

बाळापूरला पोटातल्या जंतांचा अभ्यास केला, तेव्हा शाळेतल्या मुलांना बोटाएवढ्या डब्या वाटल्या होत्या आणि सकाळचा नमुना त्यात आणा असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील स्वतः आले, हातात जेवणाचा स्टीलचा डबा, तीन पुडांचा. त्या डबीत काय मावते म्हणाले, घरच्या सगळ्यांचं आणलं आहे. मी त्यांचे आभार मानले आणि एका पुडातून चमचाभर घेतलं. उरलेलं परत नेताना त्यांचा चेहरा पडला होता. आपल्याकडचा माणूस द्यायला निघाला की मोजून देत नाही, हे मी त्याच दिवशी शिकायला हवं होतं. शिकले असते तर पुढची फजिती टळली असती.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अमरावतीपासून अकोल्याच्या बाजूला जो पट्टा जातो, त्याला आम्ही खारपाणपट्टा म्हणतो. काळी जमीन दिसायला देखणी, पण खालचं पाणी खारं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि गावात नवी आलेली सून पहिल्या चहाला तोंड वाकडं करते. हे पाणी जन्मभर प्यायल्याने माणसाच्या रक्तदाबाला आणि मूत्रपिंडांना काय होतं, ते मोजायचा प्रकल्प आमच्या संस्थेत आला. त्याच्या प्रमुख होत्या डॉ. मीरा परांजपे. पुण्याच्या, हुशार, कामाला वाघीण. बोलायच्या मात्र असं की गावातली माणसं माझ्याकडे बघत राहायची. “आपण आम्हाला थोडंसं सहकार्य करू शकाल का?” असं त्यांनी विचारलं की मी पुढे होऊन सांगायची, “डॉक्टरीनबाई म्हन्ते, डबा घ्या.” मग लोक डबा घ्यायचे.

हा डबा म्हणजे पांढरी प्लास्टिकची कॅन. साधारण तीन लिटरची, वर कडी, घट्ट झाकण. पोटात किती मीठ जातं हे माणसाला विचारून कळत नाही. जो तो म्हणतो, मी बेताचंच खातो. पण खाल्लेलं बहुतेक मीठ लघवीतून बाहेर येतं, म्हणून चोवीस तासांची सगळी लघवी त्या कॅनमध्ये साठवायची. सकाळची पहिली टाकून द्यायची, मग पुढची प्रत्येक वेळची कॅनमध्ये, थेट दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिलीपर्यंत. शेतात जा, बाजारात जा, लग्नाला जा, कॅन बरोबर. कुणी आळस करून अर्धी शेताच्या धुऱ्यावर सोडून आलं तर तेही प्रयोगशाळेत पकडता येतं. आपलं शरीर रोज क्रिएटिनिन नावाचं एक द्रव्य जवळपास ठरावीक मापाने बाहेर टाकतं, ते कॅनमध्ये कमी भरलं की चोरी उघड. परांजपे मॅडमचं आवडतं वाक्य होतं, “माणूस खोटं बोलेल, लघवी बोलत नाही.” हे वाक्य त्या प्रत्येक सभेत म्हणायच्या आणि मी ते कधीही वऱ्हाडीत करून सांगितलं नाही.

भातकुलीच्या पुढे आम्ही एक गाव निवडलं. नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना आवडणार नाही. पहिल्या दिवशी अख्ख्या गावाने नकार दिला. माणसं म्हणाली, रक्त न्या, दात न्या, पण हे काय भलतंच. बाया तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी गाशा गुंडाळायच्या बेतात होते, तेवढ्यात गर्दीतून एक उंच, काळीसावळी बाई पुढे आली आणि सगळ्यांना म्हणाली की तुमच्या मुतात काय सोनं लागून गेलं आहे का. या इंदूताई.

इंदूताईंचे यजमान नामदेवराव. गावात त्यांची पिठाची चक्की होती. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे आठवड्यातून दोनदा एस.टी.ने अमरावतीला डायलिसिसला जायचे. गावात त्याला ‘रगत धुवाले जानं’ म्हणत. इंदूताईंनी पाण्यासाठी पुष्कळ चकरा मारल्या होत्या. आसपासच्या गावांना लांबून गोड्या पाण्याची पाइपलाइन आली होती, यांचं गाव सुटलं होतं, आणि साहेब लोक म्हणत, तुमच्याच पाण्याने आजार होतो याला पुरावा काय. “मले कागद पायजे, तायडेबाई,” त्या मला म्हणाल्या. “पान्यानं झालं, असा लिवलेला कागद. मी थो त्याईच्या टेबलावर नेऊन ठेवतो.” हा कागद आम्ही देणार होतो. त्यासाठी गावाने कॅन भरून द्यायच्या होत्या. इंदूताई स्वतः घरोघर फिरल्या, आणि दोन दिवसांत गाव तयार झालं.

नामदेवरावांना मात्र आम्ही कॅन देणार नव्हतो. ज्यांची मूत्रपिंडं आधीच गेली आहेत ते अभ्यासात बसत नाहीत. इंदूताईंना हे पटेना. ज्याच्यासाठी एवढं रामायण, त्यालाच वगळता, म्हणाल्या. त्यांची समजूत घालण्यापेक्षा कॅन देणं सोपं होतं. मी एका कॅनवर लाल फुली मारली, हिशेबात धरायची नाही म्हणून, आणि नामदेवरावांच्या खाटेखाली ठेवली. नामदेवराव हसले. सुकलेला, लांब चेहऱ्याचा माणूस, पण हसला की चक्कीवाला दिसायचा, उधारी ठेवणाऱ्याशीही गप्पा मारणारा.

गावात ते दिवस मजेचे गेले. थंडीचे दिवस होते, तुरी भरल्या होत्या. बाया कपाशी वेचायला निघाल्या की कमरेला ओटी आणि हातात कॅन. एक गृहस्थ लेकीला भेटायला एस.टी.ने अकोल्याला निघाले. कंडक्टरने विचारलं, यात काय, तेल आहे का. हे म्हणाले, नाही, सँपल आहे. कशाचं सँपल म्हटल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, आणि त्यांच्या शेजारची सीट अकोल्यापर्यंत रिकामी राहिली. गर्दीच्या गाडीत इतकं ऐसपैस आपण कधी गेलो नव्हतो, असं ते पुढे कित्येक दिवस सांगत होते. पुढच्या वेळी जाताना परत कॅन मिळेल का, असंही त्यांनी मला विचारलं.

कॅन गोळा करायला गेलो तेव्हा आम्ही थक्क झालो. प्रत्येक दारात कॅन धुऊन-पुसून ठेवलेली, काहींना हळदीकुंकू लावलेलं, आणि प्रत्येक कॅन गळ्यापर्यंत भरलेली. आमचे ड्रायव्हर रफीकभाई. त्यांनी जीपच्या समोर उदबत्ती लावून ठेवली होती, पण त्यांनीही कौतुक केलं. “बडे दिलदार लोग हैं, दीदी,” ते म्हणाले. “किसी ने कंजूसी नहीं की.” मला जरा विचित्र वाटलं. मग मनात आलं, थंडी आहे, थंडीत जास्त होतेच. परतीच्या वाटेवर जीप प्रत्येक खड्ड्यात डुचमळत होती आणि मी मागे बसून झाकणं दाबून धरली होती.

प्रयोगशाळेचे निकाल आले आणि परांजपे मॅडम खुर्चीवरून उठल्याच. क्रिएटिनिन सगळ्यांचं बरोबर, म्हणजे कुणीही एक थेंब चोरला नव्हता. आणि मीठ इतकं, की यंत्र बिघडलं समजून त्यांनी ते परत तपासून घेतलं. यंत्र ठीक होतं. एवढं मीठ आणि एवढी लघवी, असं गाव त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि वाचलंही नव्हतं. थोड्याच दिवसांत बाहेरून तज्ज्ञांची समिती येणार होती. प्रकल्प पुढे चालवायचा की बंद करायचा, ते ही समिती ठरवणार होती. मॅडमनी या गावाचे आकडे पहिल्याच तक्त्यात घातले. त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना गिला वडा खिलवला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. पुण्याच्या माणसाने पाठीवर थाप मारणं ही लहान गोष्ट नाही, म्हणून मीही इंदूताईंना फोन करून सांगितलं की कागद चांगला येणार आहे. पलीकडे त्या रडायला लागल्या.

माशी शिंकली ती एका जादा तपासणीत. इंदूताईंच्या धाकट्या जावेच्या लघवीत साखर निघाली, तीही भरपूर. एवढी साखर असलेल्या बाईला तातडीने दवाखान्यात न्यायला हवं, म्हणून मॅडमनी मला लगेच गावाला पिटाळलं. मी धापा टाकत पोचले, तर ही बाई अंगणात ज्वारी पाखडत होती, चांगली ठणठणीत. बोट टोचून रक्तातली साखर पाहिली, ती माझ्यापेक्षा चांगली निघाली. मी तिला तहान लागते का, चक्कर येते का, असं सगळं विचारलं. ती नाही नाही म्हणत गेली. शेवटी मी विचारलं की बाई, कॅनमध्ये दुसरं काही पडलं होतं का.

“पडलं नाई,” ती म्हणाली. “गुळाचा खडा म्या टाकला.”

कशाला टाकला, हे विचारल्यावर ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी कुठल्या घरची आणि मला कुणी काही शिकवलं की नाही, असा तो चेहरा होता. दुसऱ्याचं भांडं घरात आलं की ते तसंच परत करत नाहीत, एवढं मला माहीत नव्हतं का. वाटीभर ताक आणलं तर वाटीत चिमूटभर साखर घालून वाटी परत करायची, डबा आला तर डब्यात मूठभर शेंगा. माझ्या आईनेही मला हेच शिकवलं होतं. मीही वाट्या भरूनच परत करत आले होते, फक्त कॅनच्या बाबतीत ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि कॅनमध्ये तर दुसरं काही घालता येत नाही, ती म्हणाली, म्हणून बाकीच्यांनी पाणी घातलं. आपण मात्र वर गुळाचा खडाही टाकला. तिला त्याचा अभिमान वाटत होता.

“पानी कोन्तं?” मी विचारलं.

“कोन्तं म्हन्जे? विहिरीचं.”

मी तिथेच सुपाजवळ खाली बसले. क्रिएटिनिनची युक्ती कमी देणाऱ्याला पकडते. जास्त देणाऱ्याला कसं पकडायचं, याचा विचार जगात कुणी केला नव्हता, कारण जगात कुणी जास्त देत नाही. अख्ख्या गावाने अर्ध्या-मुर्ध्या कॅन विहिरीच्या पाण्याने गळ्यापर्यंत भरून दिल्या होत्या. ते पाणी खारं. म्हणून मीठ एवढं, आणि लघवीही एवढी. मला आधी हसू आलं, आणि मी पदर तोंडात कोंबून हसले. मग समितीची आठवण झाली आणि हसू जिरलं.

तशीच उठून मी इंदूताईंच्या घरी गेले. नामदेवराव उन्हात खाटेवर बसले होते. लाल फुलीची कॅन माझ्या डोळ्यांसमोर आली. ती जीपमध्ये मी माझ्या हाताने ठेवली होती, गळ्यापर्यंत भरलेली. ज्या माणसाची लघवी जवळजवळ बंद झाली आहे, त्याची कॅन काठोकाठ, आणि हिशेबात धरायची नाही म्हणून मी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. कॅनमधल्या पाण्याचं मी विचारलं. नामदेवरावांनी मान खाली घातली. इंदूताई मात्र सरळ पुढे आल्या. होय, गावाला मीच सांगितलं, म्हणाल्या. एवढी शिकली-सवरली माणसं दारात भांडं ठेवून गेली आणि आम्ही ते अर्धं परत करायचं, तर गावाची काय शोभा राहिली.

मी ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. परांजपे मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत काढला. “म्हणजे तायडेबाई,” त्या हळूच म्हणाल्या, “इतके दिवस आपण विहीर तपासत होतो.” मी हो म्हटलं. मग त्यांना हसू फुटलं ते आवरेना, हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं. खरं सांगायचं तर तिथे गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. आकडे छान होते, समिती खूश झाली असती, गावाला कागद मिळाला असता. मॅडमनी पहिला तक्ता स्वतःच्या हाताने फाडला. आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर जीपमध्ये बसल्या.

समाजमंदिरात गाव जमलं. बौद्धपुऱ्यातली माणसं आली, पाटलांकडची आली, सगळ्यांचीच कॅन खोटी होती त्यामुळे त्या दिवशी गावात मोठी एकी होती. मॅडमनी पुण्याच्या भाषेत सांगितलं, मी आमच्या भाषेत. सगळ्या कॅन परत भरून द्याव्या लागतील, आणि जेवढी होईल तेवढीच द्यायची. गाव चुळबुळलं. इंदूताई उभ्या राहिल्या.

“मले एक सांगा,” त्या मॅडमना म्हणाल्या. “पानी खारं हाये हे तं खरं हाये न? मानसं आजारी पडून राहिले हे बी खरं हाये. मंग रिपोट खोटा कसा झाला?”

मॅडमनी सांगितलं ते मी असं फिरवून सांगितलं, की बाहेरच्या एकाने जरी एक कॅन उघडून त्यात विहिरीचं पाणी आहे हे ओळखलं, तर तो म्हणेल हे गावच लबाड आहे, आणि उद्या तुम्ही खरं बोललात तरी ते कुणी ऐकणार नाही. इंदूताईंना हे पटलं नव्हतं. त्या तशाच उभ्या होत्या. तेव्हा मागून, भिंतीला टेकून बसलेले नामदेवराव बोलले. सभेत बोलायची त्यांना सवय नव्हती.

“इंदे, बस खाली,” ते म्हणाले. “मायी लघवी बंद पडली, हे तू झाकून राहिली. अवं, थेच तं दाखवाचं हाये.”

इंदूताई खाली बसल्या.

तरी एक अडचण उरलीच. बाया म्हणाल्या, खरं देऊ, कमी देऊ, पण भांडं अपुरं परत करणं आमच्याच्याने होणार नाही, हात धजत नाही. मॅडमनी मला इंग्रजीत विचारलं की यावर उपाय काय. इंदूताईंनीच तो काढला, खाली बसल्या बसल्या, डोळे पुसत. आत काही घालायचं नाही ना, म्हणाल्या, मग बाहेर बांधू.

पुन्हा कॅन गोळा करायला गेलो तो दिवस मी विसरणार नाही. कुठे अर्धी कॅन, कुठे पाऊण, कुठे तळाला जेमतेम. आणि प्रत्येकीच्या कडीला फडक्याचं गाठोडं. कुणी शेंगा बांधलेल्या, कुणी तुरीची डाळ, कुणी ज्वारी, कुणी वाळवलेल्या मिरच्या. इंदूताईंच्या जावेने गुळाची अख्खी ढेप दिली. रफीकभाईंनी जीपमध्ये एका बाजूला कॅन आणि दुसऱ्या बाजूला धान्य लावलं, मध्ये ताडपत्री टाकली, आणि धान्याच्या बाजूला उदबत्ती लावली. पुण्याला प्रयोगशाळेत कॅन पोचल्या तेव्हा एका कडीला चुकून राहिलेल्या शेंगा तिथल्या लोकांनी नमुना समजून वेगळ्या पिशवीत घातल्या, वर नंबर टाकला आणि आमच्याकडे विचारणा केली की यांची कोणती तपासणी करायची आहे. मी कळवलं, भाजून करा.

नामदेवरावांच्या हातून कॅन मी स्वतः घेतली. कॅनच्या तळाला घोटभर लघवी होती. कडीला त्यांनी चक्कीतलं ज्वारीचं पीठ बांधलं होतं, सुरेख बारीक दळलेलं. चक्की आता भाऊबंद चालवत होते, पण हे पीठ त्यांनी स्वतः उभं राहून दळून घेतलं होतं.

“कमी हाये, बाई,” ते म्हणाले. “पन या बखतीले खरं हाये.”

मी हो भाऊ म्हटलं आणि जीपकडे वळले, कारण त्यांच्यासमोर रडणं बरं दिसलं नसतं. त्या पिठाच्या भाकरी मी घरी केल्या. पाणी आमच्या नळाचं, गोडं.

समितीपुढे मॅडमनी पहिल्या फेरीची फजितीसकट सगळी हकीगत सांगितली. मी दाराशी उभी होते. हकीगत गुळाच्या खड्यापाशी आली तेव्हा समितीतले एक वयस्क गृहस्थ टेबलावर डोकं टेकवून हसत होते. दुसऱ्या फेरीतलं मीठ पहिल्यासारखं डोळे दिपवणारं नव्हतं, पण जास्त होतंच. पुरेसं जास्त होतं. प्रकल्प चालू राहिला, गाव अभ्यासात राहिलं, आणि पुढे इंदूताईंच्या हातात कागद पडला. त्यात ‘पाण्यामुळे झालं’ असं सरळ लिहिलेलं नव्हतं. आमच्या लोकांना तसं लिहिताच येत नाही. ‘संबंध आढळतो’, ‘शक्यता नाकारता येत नाही’, अशी सगळी वाक्यं. मी तो त्यांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, हे तर आमच्या सरपंचासारखं बोलतात. पण त्यांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि ज्या ज्या टेबलावर ठेवायचा त्या त्या टेबलावर नेऊन ठेवला, कित्येक वेळा. शेवटी पाइपलाइन आली. आमच्या कागदामुळे आली, की इंदूताईंच्या चकरांना कंटाळून आली, की निवडणूक जवळ होती म्हणून, हे मला ठाऊक नाही. मॅडमना विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, संबंध आढळतो.

नामदेवराव मात्र तोवर राहिले नाहीत. मला हे अजून बोचतं. आमचं काम सावकाश चालतं. खरं शोधायचं तर ते तसंच चालायला हवं, हे मला पटतं. पण ज्याच्यासाठी शोधायचं तो माणूस तेवढा वेळ थांबू शकत नाही, आणि याचं उत्तर मला कुठल्याही प्रशिक्षणात मिळालं नाही.

मी निवृत्त झाल्यानंतर एक दिवस सकाळी दारावरची बेल वाजली. इंदूताई उभ्या होत्या, भातकुलीहून एस.टी.ने आलेल्या, पांढरं लुगडं, तोंड थकलेलं. आणि हातात कॅन. तीच पांढरी, तीन लिटरची, कडीवाली, गळ्यापर्यंत भरलेली. एवढी वर्षं मी त्या कॅनना हातमोज्यांशिवाय हात लावला नव्हता, त्यामुळे माझे दोन्ही हात आपोआप मागे गेले. त्यांनी ते पाहिलं.

“नवी कोरी हाये, बाई,” त्या म्हणाल्या. “दुकानातून आनली. घरच्या नळाचं पानी हाये, गोडं. पहिलं तुमच्यासाठी काढून ठेवलं होतं, पन तुमच्याकडे येनं झालं नाई. हे परवाचं हाये.”

मी त्यांना आत घेतलं, बसवलं, चहा टाकते म्हटलं. त्या म्हणाल्या, चहा मागून, आधी हे प्या. मी पेला आणला. त्यांनी कॅनचं झाकण उघडून पेला भरला आणि माझ्यासमोर धरला. नोकरीची सगळी वर्षं माझ्या नाकात उभी राहिली. तोंडाशी पेला नेऊन मी थांबले. इंदूताई माझ्याकडे टक लावून पाहत होत्या आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. मी डोळे मिटले आणि एका दमात पेला रिकामा केला. पाणी खरंच गोडं होतं. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या बाई काय झालं म्हणून विचारायला आल्या.

जाताना त्या कॅन ठेवून गेल्या. आता ती माझ्या ओट्यावर आहे आणि मला ती परत करायची आहे. पुढच्या आठवड्यात भातकुलीची गाडी पकडते आहे. तोवर कॅनमध्ये काय भरून न्यावं, याचा मी विचार करते आहे, कारण रिकामी तर नेता येत नाही.